आप्पांनी काढलेली वानगी

आप्पा निपाणीहून बेळगावला आले की ते दारात दिसायच्या आधी आमच्या गल्लीला शिंका यायच्या. आधी शेजारच्या काकू शिंकायच्या, मग कट्ट्यावर खेळणारं एखादं पोर, मग आमचे हे. शिंका ऐकल्या की मी चहाचं आधण वाढवायची. सारा जन्म तंबाखूच्या वखारीत काढलेला माणूस; कोटाच्या विणीत, फेट्याच्या घड्यांत, अगदी भुवयांतसुद्धा ती बारीक तपकिरी धूळ बसलेली असायची. त्यांना स्वतःला मात्र कधी शिंक आलेली मी पाहिली नाही. "शिंकतोय त्यो तंबाखूचा माणूसच न्हवं," असं म्हणून ते शिंकणाऱ्याकडे जरा कीव करून बघायचे.

नात्यानं ते यांचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. पण सगळी निपाणी त्यांना आप्पा म्हणायची, मग मीही आप्पाच म्हणू लागले. धंदा दलालीचा. शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभं राहायचं, माल पारखायचा आणि दोघांचा भाव जुळवून द्यायचा. तंबाखू यायची ती मोठमोठ्या पोत्यांतून. तिकडे त्याला बोद म्हणतात. आप्पा बोदाचं तोंड सोडायचे, वर दिसणाऱ्या मालाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, दंडापर्यंत हात आत खुपसायचे आणि पोटातून मूठभर चुरा बाहेर काढायचे. ही वानगी. ती तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. "वरचा माल मांडलेला असतोय, तळाचा दडवलेला असतोय. खरं बोलतोय ते मधलं," हे त्यांचं एकच शास्त्र होतं, आणि ते त्यांनी जगातल्या यच्चयावत वस्तूंना लावलं होतं.

वर्तमानपत्र ते मधल्या पानापासून वाचायचे. चिरमुरे घ्यायला गेले की भट्टीवाल्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. पंगतीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला की म्हणायचे, "मधनं घाल." मला स्वतःलाही आप्पांनी मधूनच काढलं. आम्ही तिघी बहिणी. पाहुण्यांना दाखवायला म्हणून थोरली नटवून बसवली होती, धाकटी दाराआडून डोकावत होती, आणि मी मधली चहा घेऊन बाहेर आले. आप्पा म्हणाले, "ही." माझ्या वडिलांनी घसा खाकरून, दाखवायची मुलगी कोणती ते पुन्हा एकदा सांगितलं. "कळलं मला," आप्पा म्हणाले, "पर आमाला ही." थोरलीला पुढं याहून कितीतरी चांगलं स्थळ मिळालं, आणि हे ती मला अजून ऐकवते.

त्यांची दुसरी खोड उपरण्याची. तंबाखूच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून काय ते ठरवतात. बघणाऱ्याला नुसता कापडाचा फुगवटा दिसतो. तोंडानं चाललेलं असतं ते सगळं पाऊसपाण्याचं आणि सोयऱ्याधायऱ्यांचं. एकदा का समोरच्यानं बोट दाबलं आणि उपरणं निघालं, की शब्द पडला. त्यातून मागे फिरेल त्याला पुन्हा बाजारात कोणी हात देत नाही. आप्पांना याची इतकी सवय झालेली की उघड्या हातानं केलेली कुठलीच गोष्ट त्यांना खरी वाटायची नाही. आमच्या गल्लीत पेरू विकायला येणाऱ्या बाईच्या हातावरसुद्धा ते उपरणं टाकायचे. ती बिचारी पदर तोंडाला लावून हसत सुटायची, आणि आप्पा अगदी गंभीर चेहऱ्यानं तिची बोटं दाबत उभे असायचे.

याच उपरण्याखाली आप्पा आणि दत्तू बोलायचे. दत्तू म्हणजे आप्पांचा एकुलता एक मुलगा. त्याची आई छातीच्या दुखण्यानं तो लहान असतानाच गेली, आणि जाताना ते दुखणं पोराला देऊन गेली असं आप्पा म्हणायचे. दत्तूला दमा होता. दम लागला की त्याला शब्द काढता यायचा नाही. मग आप्पा त्याच्या अंगावरच्या पांघरुणाखाली हात सरकवायचे आणि दत्तू त्यांची बोटं दाबायचा. एक बोट म्हणजे थोडं आहे, सोसतंय. सगळा पंजा म्हणजे आता सोसवत नाही. अकरा वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा बाप असे बाजारातल्या दोन दलालांसारखे तोंडानं काही न बोलता बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

दत्तू मराठी चौथी पास झाला तेव्हा निपाणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की या मुलाला तंबाखूच्या धुळीपासून लांब ठेवा, नाहीतर आईच्या वाटेनं जाईल. इंग्रजी शिक्षणासाठी त्याला बेळगावला तर घालायचाच होता. आता ते टाळता येण्यासारखंच राहिलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे राहू दे. पण आमच्या दोन खोल्यांच्या पाठीमागेच चिरमुऱ्यांची भट्टी होती. सकाळपासून धूर आत यायचा, आणि तुरीच्या काटक्या जळू लागल्या की आम्हालाच खोकला आवरायचा नाही. तेव्हा बोर्डिंगची शाळा बघणं आलं. बेळगावात तेव्हा मुलांच्या खासगी शाळा दोन-चार होत्या, पण आप्पांच्या आणि यांच्या बोलण्यात त्या दोनच उरल्या: एक कॅम्पातली आणि एक गावातली.

कॅम्पातली शाळा यांची आवडती. हे कोर्टात कारकून, आणि जज्जसाहेबांची मुलं त्या शाळेत जायची. तिथं मुलांना खाकी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, शनिवारी कवायत आणि बँड. बोर्डिंगच्या खाटांवर पांढऱ्या चादरी, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर येऊन सगळ्यांच्या जिभा बघून जायचा. गावातली शाळा काही ध्येयवेड्या मंडळींनी काढलेली. जुन्या कौलारू इमारतीत भरायची, मागच्या अंगाला बोर्डिंग, मुलं खाली जमिनीवर सतरंजी घालून झोपायची. मास्तर बरे होते, पण फळे फुटके होते. कुठल्याही शहाण्या माणसाला निवड करायला अर्धा दिवस पुरला असता. आप्पांनी वर्ष घालवलं.

ते पंधरवड्यातून एकदा निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं यायचे आणि शाळा पारखायला जायचे. हेडमास्तरांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. ते म्हणजे बोदाचं तोंड. पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघायचे नाहीत. मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभे राहायचे आणि पोरांच्या घोळक्यातून बरोबर मधलं, ना गोरं ना काळं, ना शहाणं ना वाह्यात असं एक पोर हाताला धरून बाजूला काढायचे. आणि त्याला एकच प्रश्न विचारायचे, "आज तुमच्या वर्गात कोण आलं न्हाय रं?"

कॅम्पातल्या पोरानं ताठ उभं राहून गैरहजर मुलाचा रोल नंबर सांगितला. नाव विचारलं तर म्हणालं, ते मास्तरांना ठाऊक. गावातल्या शाळेत त्यांनी आधी मास्तरांना विचारलं, तर मास्तर म्हणाले, "सगळे हजर आहेत." मग मधलं पोर काढलं. ते म्हणालं, "दोघं जण चिंचेवर हैत, आन् सदाच्या पायाला गळू झालंय म्हणून त्यो बोर्डिंगातच पडलाय." आप्पा घरी येऊन डोकं धरून बसले. "एका ठिकाणी मास्तरला ठावं हाय, पोरांना न्हाय. दुसऱ्या ठिकाणी पोरांना ठावं हाय, मास्तरला न्हाय. अशा मालाचा भाव कसा करायचा?"

हे वैतागले. म्हणाले, "आप्पा, मुलगा शिकायला घालायचा आहे. हजेरी घ्यायला नाही."

"शिकंल त्यो," आप्पा म्हणाले. "पर त्यो दिसंना झाला, तर कुणाच्या ध्यानात ईल, ते मला बघाय पायजे."

मला ते पटलं होतं. तरी मीही माणूसच. पुढच्या खेपेला आप्पा आले ते कॅम्पातल्या शाळेच्या विहिरीचं पाणी जड आहे म्हणून सांगत आले. त्याच्या पुढच्या खेपेला गावातल्या शाळेच्या घंटेचा आवाज फुटका निघाला. मी तेव्हा सुपात तांदूळ घेऊन दारात निवडत बसले होते, आणि माझा स्वभाव असा की तोंडावर आलेलं गिळता येत नाही. मी म्हटलं, "आप्पा, खोट शाळेत नाही. तुम्हाला दत्तूला सोडायचं नाहीये."

मला वाटलं आता ते रागावतील. ते माझ्यासमोर उंबऱ्यावर टेकले. फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "न्हाय सोडवत." मग म्हणाले, "पर तुला निम्मंच कळलंय, सूनबाई. डागदर म्हणला, धुळीपासनं लांब ठेवा. वखार गावाबाहेर हाय. पोरगं वखारीत पाय टाकत न्हाय. मग घरात धूळ आणतंय कोण?" त्यांनी कोटाच्या बाहीवर हात आपटला. उन्हात धुळीचा एक ढग उठला. "म्याच की. पोराला लांब ठेवा म्हंजे माज्यापासनं लांब ठेवा. ते काय त्या डागदरच्या तोंडनं निघंना, म्हणून त्येनं धुळीचं नाव घेतलं."

मला शिंक आली, आणि त्या वेळी ती आली याची मला फार लाज वाटली.

"धंदा सोडा," मी म्हटलं.

"आन् काय करू? ह्ये हात दुसऱ्या कशाला वळत न्हाईत," असं म्हणून त्यांनी तळहात पुढं केले. ते तळहात धुऊन कधी गोरे होण्यातले नव्हते. रेषारेषांत तपकिरी रंग मुरला होता. मी सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन त्यांना चहा आणून दिला.

चैत्रात निपाणीच्या वखारी तोंडापर्यंत भरतात आणि सगळ्या गावाच्या हवेला तंबाखू चढते. त्या चैत्रात दत्तूचा दम असा उलटला की आप्पा त्याला मोटारीत घालून तडक आमच्याकडे घेऊन आले. एरवी बेळगावच्या अलीकडची काकती मागं पडली की पोराचा श्वास मोकळा होतो असा त्यांचा हिशेब होता. या वेळी काकती गेली, बेळगाव आलं, तरी पोराच्या छातीची शिट्टी थांबेना. त्याचे ओठ काळेनिळे पडलेले. त्याला आडवं होता येईना, म्हणून मी त्याला बसतं करून पाठीशी उशा लावल्या. मागच्या भट्टीवाल्याच्या कानावर गेलं, तर त्यानं आपण होऊन भट्टी विझवली आणि पोरगं सावरेपर्यंत पेटवली नाही. त्या माणसाशी मी पुढं कधी चिरमुऱ्यांच्या मापावरून भांडले नाही.

आप्पा त्या सगळ्या वेळात दत्तूच्या जवळ गेले नाहीत. दाराबाहेर, पार गल्लीच्या टोकाला असलेल्या कट्ट्यावर बसून राहिले. मी जाऊन सांगायची, आता एक बोट आहे, आता तीन आहेत. ते मान हलवायचे. दत्तू माझी बोटं दाबायचा ती मी तशीच त्यांना जाऊन सांगत होते.

पोर उठून हिंडू लागलं त्या दिवशी आप्पा म्हणाले, "बास. आता पारखायचं झालं. उद्या नाव घालायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मला आप्पांनी हट्टानं बरोबर घेतलं. बोर्डिंगचं सैपाकघर बाईमाणसालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा गेलो कॅम्पात, कारण आता आप्पाही यांच्या मताचे झाले होते. चादरी पांढऱ्या होत्या, डॉक्टर येत होता, वखारीची हवा नव्हती. प्रिन्सिपॉलसाहेब सुटाबुटातले, बोलायला गोड. सगळं सांगून झालं, आणि निरोपाला त्यांनी साहेबी रीतीनं हात पुढं केला. आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी तो हात धरला आणि वर झटकन उपरणं टाकलं.

साहेबांनी हात असा ओढून घेतला की उपरणं जमिनीवर पडलं. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी बोटं पुसली, आणि पुसता पुसता त्यांना दोन शिंका आल्या. वाईट माणूस नव्हता तो. निपाणीचा बाजार न पाहिलेल्या माणसानं दुसरं काय करावं? पण आप्पांनी उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि दत्तूचा हात धरून ते बाहेर पडले. "हात काढून घेतला त्येनं," एवढंच ते फाटकापाशी म्हणाले. यांनी रस्ताभर समजावलं, की आप्पा, ती नुसती शेकहँडची रीत, त्यात सौदा नसतो. आप्पांच्या कानात काही शिरलं नाही.

मग गावातली शाळा. तिथले हेडमास्तर धारवाडकडचे, हडकुळे, भूमिती शिकवणारे, मराठी जपून बोलणारे. लग्न केलेलं नव्हतं; बोर्डिंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. मी सैपाकघरात जाऊन आमटीच्या पातेल्यात डाव घातला, तोही मधूनच, कारण सवय लागली होती. आमटी पातळ होती, पण तिच्यात डाळ होती. परत आले तर आप्पा आणि हेडमास्तर ओसरीवर समोरासमोर उभे. हेडमास्तर नमस्कारासाठी हात जोडायच्या बेतात होते, तेवढ्यात आप्पांनी त्यातला एक पकडला आणि त्यावर उपरणं टाकलं.

"रातचं पोराला दम लागला," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "तर उठणार कोण?"

हेडमास्तर गांगरून गेले. हात सोडवावा तर म्हातारा माणूस, न सोडवावा तर हे काय चाललंय ते कळेना. उपरण्याच्या आत थोडी चुळबुळ झाली. सुटता सुटता त्यांच्या मुठीत आप्पांचं एक बोट आलं आणि दाबलं गेलं. आप्पांनी उपरणं काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"एक," आप्पा म्हणाले. "एक म्हंजे त्यो सोता. झालं, सूनबाई. शब्द पडला."

घरी आल्यावर हे कपाळाला हात लावून बसले. "आप्पा, त्या माणसाला आपण काय कबूल केलं हे ठाऊकसुद्धा नाही."

"बोट दाबलं का न्हाय?"

"दाबलं, पण—"

"मग त्येचं त्येला कळंल," आप्पा म्हणाले, आणि दत्तूची ट्रंक भरायला निपाणीला निघून गेले.

यांना चैन पडेना. आप्पांनी एवढ्या विश्वासानं पोर सोडायचं, आणि ज्याच्या भरवशावर सोडायचं त्याच्या गावीही नसायचं, हे काही त्यांना बरोबर वाटेना. म्हणून शाळा उघडायच्या आधी हे शरमतच हेडमास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वखार, बोद, उपरणं, एक बोट, आणि त्या बोटाचा आप्पांनी लावलेला अर्थ. परत येऊन यांनी मला सांगितलं ते असं. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा करून दाखवा." यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्यांच्या हातावर टाकलं आणि बोट दाबून दाखवलं. हेडमास्तर आपल्या हाताकडे बघत राहिले.

"एक म्हणजे मी?" त्यांनी विचारलं.

"तसं त्यांनी धरलंय."

"बरोबर आहे मग," हेडमास्तर म्हणाले. "बोर्डिंगात माझ्याशिवाय मोठं माणूस कोणी झोपतच नाही."

जूनमध्ये दत्तू शाळेत गेला. बेळगावची ओल काही दम्याला चांगली नव्हे. श्रावणात त्याला दोनदा-तीनदा जोराचा दम लागला. मला धास्ती होती. एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला तेव्हा मी विचारलं, तर तोंडातला घास न थांबवता म्हणाला, "हेडमास्तर उठत्यात की. मला टेकून बसवत्यात. पयल्यांदा काय बी कळत नव्हतं त्यास्नी. आता बोटं कळत्यात." भूमितीच्या तासाला ज्यांच्या नुसत्या बघण्यानं वर्ग गार पडायचा, ते हेडमास्तर रात्री सतरंजीवर बसून एका पोराची बोटं मोजत असतील, याचं चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आप्पांच्या वानगीत वर्षभर जे सापडलं नाही ते असं एका चुकीनं हाताला लागलं, आणि ती चूक होती हे आप्पांनी जन्मात मान्य केलं नाही.

राहता राहिले आप्पा. पोराला लांब ठेवायचं म्हणजे कुणापासून, हे त्यांनी त्या दिवशी उंबऱ्यावर बसून मला सांगितलंच होतं, आणि आता ते पाळायचं होतं. त्यांनी आमच्याकडे एक धोतर, एक सदरा आणि एक टोपी ठेवली. ते कपडे बेळगावचे. निपाणीची हवा त्यांना कधी लागली नाही. महिन्याच्या एका रविवारी सकाळच्या मोटारीनं यायचे, अंगावरचं सगळं काढून मागच्या पडवीत खुंटीला लावायचे, आणि शिकेकाईनं डोकं, नारळाच्या शेंडीनं हात असे चोळत बसायचे की बंबातलं सगळं पाणी संपायचं. मग ते धुवट कपडे घालून दत्तूला भेटायला शाळेत जायचे. त्या कपड्यांत ते मला अगदी परके वाटायचे. शेजारच्या काकू शिंकायच्या नाहीत. बोलायलाही आप्पांना जमायचं नाही. खांद्यावर उपरणंसुद्धा नसायचं, कारण ते पडवीत खुंटीवर असायचं. बाप-लेक शाळेच्या चिंचेखाली बसायचे आणि आप्पा त्याला विचारायचे, "मग, अभ्यास काय म्हणतोय?" त्यांनी आयुष्यात कुणालाही इतका उघडा-बोडका प्रश्न विचारला नसेल.

दत्तूचा दम त्या वर्षी पुष्कळ उतरला. गालावर मांस चढलं. दिवाळीलाही आप्पांनी त्याला घरी नेलं नाही. आमच्याकडेच येऊन दिवाळी केली. सगळे म्हणाले, आप्पांनी शाळा चांगली निवडली. आप्पाही मान हलवायचे.

असाच एक थंडीतला रविवार. आप्पा आंघोळीला बसले होते. एरवी आप्पा शाळेत जायचे. पण त्या दिवशी बोर्डिंगातून सकाळीच सोडलं म्हणून दत्तू आपण होऊनच घरी आला. मला माहीतच नव्हतं. मी परसात भांडी घासत होते. पडवीतून खोकला ऐकू आला म्हणून हात तसेच राखेचे घेऊन आत गेले.

दत्तू खुंटीपाशी उभा होता. आप्पांचा तो कोट त्यानं दोन्ही हातांनी तोंडाशी धरला होता. नाक आणि डोळे त्याच्यात पार बुडालेले. श्वास घ्यायचा, खोकायचा, आणि खोकला थांबला की पुन्हा तोंड खुपसून श्वास घ्यायचा. पाठ खोकल्यानं हलत होती, तरी हात सुटत नव्हते. इतके महिने ज्या वासापासून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला राखला, तोच त्याच्या घराचा वास होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला रडू आलं. पण खोकला चढत होता. मी कोट काढून घ्यायला पुढं झाले.

न्हाणीघराचं दार किलकिलं उघडलं होतं. ओलेते आप्पा दारात उभे. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. दत्तूची त्यांच्याकडे पाठ होती. त्यांनी मला हातानं थांबवलं.

"ऱ्हाऊ दे," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "घटकाभर ऱ्हाऊ दे, सूनबाई."

आणि आवाज न करता त्यांनी आतून दार लावून घेतलं. बंबात पाणी उरलं नव्हतं, थंडी होती, आणि कोरडे कपडे बाहेर वलणीवर होते. तरी ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.